ओपन स्पेस

आमच्याकडे शेताला वावर म्हणतात. वावराचा मालक गेला की पोरांचे हिस्से होतात, नवे धुरे पडतात, आणि मग एखाद्या उन्हाळ्यात पऱ्हाटीच्या जागी सिमेंटचे ठेंगणे खांब उगवतात. दोन खांबांच्या मध्ये चुन्याची रेघ, कडेला पत्र्याचा बोर्ड: ‘एन.ए. टी.पी. मंजूर लेआउट, बस स्टँडपासून पाच मिनिटे’. ही पाच मिनिटे कोणत्या वाहनाने मोजली, हे यवतमाळात मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. माझे घर अशाच पाच मिनिटांवर आहे. स्कूटरने वीस लागतात. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन किती लागतात, ते घरी पोचेपर्यंत मोजायचे भान राहत नाही.

सरकारदरबारी लेआउटला ‘अभिन्यास’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटले, सोवळ्यात करायचे काही अनुष्ठान असावे. फारसे चुकले नव्हते. मोजणीचा नकाशा, सात-बारा, नगर रचनेची शिफारस, महसुलाचा अकृषक आदेश... प्रत्येक दैवताचे आवाहन वेगळ्या टेबलावर करायचे आणि दक्षिणा चलनाने भरायची. १९६६ हे साल जमिनीच्या मागे लागलेले साल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता त्याच वर्षीची आणि प्रादेशिक व नगर रचना अधिनियमही त्याच वर्षीचा. एक कायदा जमिनीला विचारतो, तू करतेस काय? दुसरा विचारतो, तुझा रंग कोणता? शेती हिरव्या रंगात, राहण्याची जागा पिवळ्या. म्हणून आमच्याकडचा शेतकरी दहावीचा निकाल विचारावा तसा विचारतो, “साहेब, आमचं वावर यलोत आलं का?” हिरवेगार वावर पिवळे पडले की एरवी तो औषध फवारतो. इथे पेढे वाटतो.

अलीकडे सरकारने बरेच सैल सोडले आहे. अंतिम विकास आराखड्यात जागा रहिवासी भागात असेल, तर वेगळ्या अकृषक परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत, कर भरला की झाले. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जागेलाही तशीच सवलत आहे. तेव्हापासून गावोगाव टेप घेऊन हिंडणारी माणसे दिसतात. आजोबांच्या काळी गावठाण मारुतीच्या पारापाशी संपायचे, आता ते थोडे चालायला लागले आहे.

गावांनी चालणे आम्हाला नवे नाही. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव ही आमची शेजारची गावे हद्दवाढीत यवतमाळ नगर परिषदेत आली, तेव्हा केवढी चर्चा झाली! पण ‘ऐन-ए-अकबरी’त या भागाचे नावच ‘योत-लोहारा’ असे आहे. योत म्हणजे आमचे यवतमाळ. अकबराच्या कारकुनाने जे एका ओळीत उरकले, त्याला आपल्याला चारशे वर्षे लागली. नगरपालिकेचेही तसेच: १८६९ साली झाली, मध्ये बंद पडली, १८९४ साली पुन्हा सुरू झाली. तेव्हा आमच्या गल्लीतली नाली अर्धवट राहिली म्हणून मी फार तक्रार करत नाही.

आदेश निघतो, रंग बदलतो, सात-बाऱ्यावर नोंद होते. राहते ती फक्त माती. काळ्या मातीला अकृषक आदेशाची प्रत कोणी देत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. माझ्या बैठकीच्या भिंतीला मे महिन्यात पाच रुपयांचे नाणे जाईल एवढी भेग पडते आणि पोळ्यापर्यंत आपोआप मिटते. मी गवंड्याला बोलावणे सोडून दिले आहे, पंचांग म्हणून भेग पुरते. मागच्या अंगणात दरवर्षी तुरीची दोनचार झाडे न पेरता येतात. कागदावर ती बेकायदा असावीत. डाळ चांगली निघते.

आता ओपन स्पेस. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. नकाशावर हा चौकोन फार सुंदर दिसतो, त्यात छोटी छोटी झाडेसुद्धा काढलेली असतात. आमच्या चौकोनात एक लिंबाचे झाड आहे, ते वावराच्या काळातले. त्याखाली दर दिवाळीनंतर आमची सभा भरते आणि विषय एकच असतो: इथे करायचे काय? एकाला व्यायामाची साधने हवीत, एकाला बोअरवेल, आणि बहुमताला गजानन महाराजांचे मंदिर. मागच्या सभेत मंदिर जवळजवळ मंजूर झाले होते. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, वर्गणीची वही निघाली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या काकू उठल्या.

“मंदिर बांधा ना बाप्पा, पन आमच्या भिंतीले लागून नोको.”

“काऊन काकू?”

“भोंगा डायरेक्ट आमच्या खिडकीत येते.”

मग मंदिर पूर्वेला सरकवायचे ठरले, तर पूर्वेच्या भाऊंना एकाएकी मुलांच्या खेळाची काळजी वाटू लागली. पश्चिमेला सरांची गाडी उभी राहते. चहा झाला, विषय पुढच्या सभेवर गेला. खुली जागा कायद्याने खुली राहते असे पुस्तकात लिहिलेले असेल. आमची जागा शेजाऱ्यांच्या एकमेकांवरच्या प्रेमामुळे खुली राहिली. सध्या तिथे सकाळी शेळ्या, संध्याकाळी क्रिकेट, आणि लग्नसराईत मांडव.

थट्टा इथपर्यंत ठीक. माझ्या एका नातेवाईकाचे, दुसऱ्या तालुक्याच्या गावातले, दीड एकर वावर प्रारूप आराखड्यात ‘क्रीडांगण’ झाले आणि ते त्याला प्लॉटचे गिऱ्हाईक परत गेले तेव्हा कळले. नकाशा भिंतीवर लागला होता, जाहिरात आली होती. पेपर घरी येत होता, पण तो राशिभविष्यापाशी थांबायचा. आता मार्ग आहे तो लांबचा. अंतिम आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची, आणखी दोन वर्षे थांबायचे, तरी काही हालचाल नसेल तर आरक्षण सुटते. तोवर तो त्या क्रीडांगणात कपाशी लावतो.

तुमच्या गावचा प्रारूप आराखडा जाहीर झाला असेल, तर चष्मा घेऊन जा, आपला सर्व्हे नंबर बोटाने शोधा, आणि न पटल्यास हरकत लेखी देऊन पोच घ्या. मुदत तीस दिवसांची असते, आणि त्यात रविवारही मोजतात.