ग्राहक देवो भव : काउंटरमागच्या भक्तांसाठी मार्गदर्शिका

प्रस्तावना

सदर मार्गदर्शिका मेडिकल, साडीचं दुकान, बेकरी, उपाहारगृह, बँक, सलून, तसंच दुचाकीवरून घरपोच सेवा देणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना लागू राहील. आपल्या डोक्यावर ‘ग्राहक देवो भव’ अशी पाटी असते. तिचं तोंड गिऱ्हाइकाकडे असल्यामुळे ती दिवसभर त्यालाच दिसते, आणि रोज वाचून काहींचा तिच्यावर खरोखरच विश्वास बसतो. मग ते परीक्षा घेऊ लागतात.

नोकरीवर घेताना आपल्याला माल कुठे ठेवलाय ते दाखवतात, यूपीआयचा आवाज ऐकल्याशिवाय पिशवी सोडायची नाही हे बजावतात आणि शटर कुठे अडकतं तेही सांगतात. ‘तुम्ही आमच्यातल्याच ना?’ याला काय उत्तर द्यायचं, ते मात्र कोणी शिकवत नाही. ती उणीव इथे भरून काढली आहे.

कलम १ : व्याख्या

‘धार्मिक शेरा’ म्हणजे गिऱ्हाइकाने उच्चारलेलं असं वाक्य, ज्याचा मालाशी, भावाशी किंवा सुट्ट्या पैशांशी संबंध नाही, जे बिलात दाखवता येत नाही आणि ज्यावर जीएसटी लागत नाही.

उदाहरणार्थ, ‘हा केक बिनअंड्याचा आहे का?’ ही चौकशी झाली. ‘श्रावणात अंडी घातलेले केक विकता, लाज नाही वाटत?’ हा शेरा झाला. ‘पावभाजीत कांदा-लसूण नको’ ही ऑर्डर झाली. ‘तुम्ही लोक खात असाल, आम्ही नाही खात’ हा पुन्हा शेरा. मालाला धर्म लावून पाहणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. विकणारा मात्र मालात मोडत नाही, त्यामुळे त्याला पालथा करून तळाशी काय छापलंय हे पाहता येणार नाही. पुढची सगळी कलमं या एका भेदावर उभी आहेत.

कलम २ : मालाविषयीच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यावीत

इथे कर्मचाऱ्यांकडूनच आळस होतो. समोरचा ‘शाकाहारी आहे ना?’ म्हणाला की मान डोलावून मोकळं होण्याची सवय आधी मोडावी. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी ठिपका असे, आता तपकिरी त्रिकोण असतो. पाकीट फिरवून दाखवायला दोन सेकंद लागतात. औषधांचं प्रकरण जरा अवघड, कारण कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात.

नमुना संवाद. स्थळ : मेडिकल. काळ : श्रावणातला सोमवार, सायंकाळी सात, मागे सहा जण उभे.

‘बाळ, ही कॅप्सूल उपासाला चालते ना?’

‘आजी, हिचं कवच जिलेटिनचं असतं. तुम्हाला चालत नसेल तर डॉक्टरांना फोन करा, याच औषधाची गोळी मिळते का ते विचारा. मनाने बंद करू नका.’

‘बरं झालं सांगितलंस. नाव काय तुझं?’

कर्मचारी छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवतो. तिथे फक्त पहिलं नाव आहे.

‘ते दिसलं रे. आडनाव?’

‘आजी, ही दुसरी गोळी उपाशीपोटी घेऊ नका. उपास असला तरी थोडं खाऊनच घ्या.’

‘तुझाही असेल ना आज सोमवार?’

‘सोमवार सगळ्यांचाच आहे आजी. एकशे बेचाळीस झाले.’

या संवादात कर्मचारी एकदाही खोटं बोललेला नाही, उद्धट बोललेला नाही आणि त्याने आडनावही सांगितलेलं नाही. प्रश्न आपल्यावर आला की उत्तर मालावर द्यायचं. उमेदवारांनी हा संवाद आरशासमोर पाठ करावा.

सूचना : वरई आणि राजगिरा विकताना ज्ञान पाजळू नये. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा आणि शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून आले, मिरचीही अमेरिका खंडातलीच, आणि यातलं काहीही पोर्तुगीज येण्याआधी इथल्या उपासाला ठाऊक नव्हतं, हे सगळं खरं आहे. पण गिऱ्हाईक आपल्या धर्मात नाक खुपसतं म्हणून आपण त्याच्या खिचडीत खुपसायचं नसतं.

कलम ३ : नमस्कार-चमत्कार

‘श्री स्वामी समर्थ’, ‘राम कृष्ण हरी’, ‘जय भीम’, ‘जय जिनेंद्र’, ‘सलाम’, ‘गॉड ब्लेस यू’ हे शेरे नव्हेत. ही माणसं आत येताना दार वाजवतात, इतकंच. मनात आलं तर तसंच उत्तर द्यावं, नाहीतर ‘नमस्कार, बोला’ म्हणावं. मात्र गिऱ्हाईक हात बांधून थांबलं आणि ‘अरे, तूही म्हण की!’ असा आग्रह धरू लागलं, तर तो नमस्कार उरत नाही, वसुली होते. अशा वेळी स्कॅनर खराब झाल्यासारखं दाखवून त्या यंत्रावर दोन चापट्या माराव्यात आणि कलम ९ वाचावं.

कलम ४ : आडनावाची चौकशी

महाराष्ट्रात कोणीही कोणाची जात विचारत नाही. विचारतात ते गाव. ‘गाव कुठलं?’ ‘सातारा.’ ‘सातारा शहर का तालुका?’ ‘तालुका.’ ‘मग आडनाव काय?’ आडनाव सांगून भागतं असंही नाही, कारण एकच आडनाव चार जातींत सापडतं. मग खालची पायरी येते : ‘कुलदैवत कुठलं तुमचं, जेजुरी का जोतिबा?’ तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर ‘तुमच्यात लग्नाला मटण असतं का?’ इथपर्यंत मजल जाते. या मुलाखतीत गिऱ्हाइकाने अद्याप अर्धा किलो फरसाणच मागितलेलं असतं.

उपाय असा : प्रत्येक पायरीवर उत्तर एक पायरी वर न्यावं. गाव विचारलं तर जिल्हा सांगावा. जिल्हा विचारला तर ‘महाराष्ट्रातलाच आहे काका’ म्हणावं. कुलदैवत विचारलं तर ‘सध्या मालक’ हे उत्तर चालतं, फक्त मालक गल्ल्यावर नसल्याची खात्री करावी. ज्यांचं पहिलं नावच सगळं सांगून टाकतं, त्यांना या कलमाचा उपयोग नाही, हे आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी कलम ९ लिहिलं आहे.

कलम ५ : सणासुदीचे शेरे

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेआठला एक बाई दुकानात शिरतात, रांगोळीचा लाल रंग मागतात आणि म्हणतात, ‘अगं, आजच्या दिवशीसुद्धा कामावर? घरचं कोण करतं?’ या वाक्यातली विसंगती त्यांच्या ध्यानात आणून देऊ नये. रंग द्यावा. ईदच्या दिवशी ‘आज तुला सुट्टी असेल ना?’ असं समोर उभ्या असलेल्या पोरालाच विचारणाऱ्यांनाही हेच लागू.

माहितीसाठी : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार त्या कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनेत वर्षाला आठ पगारी सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या, आणि त्या कोणत्या हे मालक व कामगारांनी आपसांत ठरवायचं. म्हणजे कोणाचा कोणता सण, ही चर्चा कायद्याने जरूर सांगितली आहे, पण ती मालकाशी करायची आहे. रांगोळीवाल्या बाई या वाटाघाटीत कुठेही येत नाहीत.

कलम ६ : कपाळ, गळा व मनगट

टिकली नसेल तर ‘का नाही?’, असेल तर ‘एवढीशी का?’ मंगळसूत्र न दिसल्यास बँकेतल्या गृहस्थांना मुदत ठेवीपेक्षा त्याची काळजी अधिक. हिजाब घातलेल्या मुलीला ‘उकडत नाही का?’ आणि गळ्यात क्रूस असलेल्या मुलीला ‘आधीचे कोण तुम्ही?’ असं विचारलं जातं. या सर्वांना एकच उत्तर पुरतं : ‘इथे सही करा.’ सही करताना माणूस बोलत नाही, हा बँकिंगमधला जुना अनुभव आहे. बँकेबाहेरच्या कर्मचाऱ्यांनी ‘पिन टाका’ म्हणावं.

कलम ७ : भविष्य व प्रारब्ध

सर्व्हर बंद पडला की ‘आज अमावास्या आहे’ आणि बिलाला उशीर झाला की ‘तुझी साडेसाती दिसते’ असं सांगणारी गिऱ्हाइकं निरुपद्रवी असतात. त्यांना रास सांगितली तर ती खूश होऊन एखादी वस्तू जास्त घेतात, असंही दिसतं.

प्रारब्धवाल्यांचं मात्र तसं नाही. साडीच्या दुकानात सकाळी दहापासून उभ्या असलेल्या बाईच्या सुजलेल्या घोट्यांकडे पाहून एखादी दयाळू वहिनी म्हणते, ‘काय करणार, मागच्या जन्मीचं असतं.’ आणि मग पंचविसावी पैठणी उलगडायला सांगते. इथे एक नोंद आवश्यक आहे. केरळातल्या कापडदुकानांमधल्या विक्रेत्या बायकांचं प्रारब्ध हुबेहूब असंच होतं. कोझिकोडमधल्या बायकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि २०१८ मध्ये राज्याच्या दुकाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामाच्या ठिकाणी बसायला जागा देणं मालकांना बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. यावरून असं दिसतं की मागच्या जन्मीचं पाप दुरुस्ती विधेयकाने फिटतं. महाराष्ट्रातल्या पाप्यांनी याची दखल घ्यावी.

कलम ८ : टिपेऐवजी मिळणारा माल

बिलाच्या वहीत नोटेऐवजी सत्संगाचं पत्रक, ‘प्रभू तुमच्यावर प्रेम करतो’ असं लिहिलेलं कार्ड किंवा अकरा जणांना पाठवायचा मजकूर निघाला, तर तो सर्व वेटरांत सारखा वाटून घ्यावा. प्रसाद घेणं ऐच्छिक आहे. तिरुपतीचा लाडू आल्यास या कलमाची अंमलबजावणी सैलपणे करावी.

कलम ९ : ‘दुसरा माणूस पाठवा’

इथे युक्त्या संपतात. गिऱ्हाईक नाव वाचतं, मागे सरकतं आणि म्हणतं, ‘याच्या हातचं नको.’ हा शेरा टोलवण्याची जबाबदारी त्या पोराची नाही. त्याने हसायचं नाही, समजावायचं नाही, आपण कसे चांगले आहोत हेही सांगायचं नाही. बोलायचं मालकाने, आणि तेही त्या पोरासमोर.

जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने झोमॅटोकडे डिलिव्हरीवाला बदलून मागितला, कारण तो हिंदू नव्हता. कंपनीने माणूस बदलायला नकार दिला आणि अन्नाला धर्म नसतो असं जाहीरपणे सांगितलं. त्याच कंपनीने मार्च २०२४ मध्ये शाकाहारी जेवणासाठी वेगळा ताफा काढला, हिरव्या पेट्या आणि हिरवे शर्ट देऊन. दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग मागे घ्यावा लागला. मग नेहमीचा लाल शर्टवाला म्हणजे मांसाहार घेऊन आलेला असं ठरवून काही सोसायट्या त्याला फाटकातच अडवतील, अशी धास्ती होती. जेवण वेगळं ठेवणं ही मालाची गोष्ट होती. रंग डब्यावरून शर्टावर आला आणि कलम १ मधला भेद चोवीस तासांत पुसला गेला.

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) प्रमाणे दुकानात किंवा उपाहारगृहात शिरताना कोणालाही केवळ धर्मामुळे वा जातीमुळे अडवता येत नाही. ही सोय गिऱ्हाइकासाठी आहे. आत शिरल्यावर काउंटरमागच्या माणसाशी त्याने कसं वागावं, ते तिथे लिहिलेलं नाही. ते मालकाला आपल्या तोंडाने सांगावं लागतं : ‘साहेब, माणूस हाच आहे. माल हवा असेल तर घ्या.’ यात एखादं गिऱ्हाईक जातं. जो मालक तेवढं सोसत नाही, त्याने भिंतीवरची पाटी उतरवून आपल्या नोकरांना खरा भाव सांगून टाकावा.

कलम १० : ड्यूटी संपल्यानंतर

रात्री साडेनऊला शटर पडलं की आपलंही गिऱ्हाइकात रूपांतर होतं. भाजीवाल्याकडे जावं लागतं, रिक्षात बसावं लागतं, कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घ्यावा लागतो. दिवसभर ऐकलेले सगळे प्रश्न त्या वेळी जिभेवर अगदी तयार असतात आणि समोर आपल्याहून लहान पोरगं उभं असतं. त्याला नाव विचारण्याआधी भाव विचारावा. आणि सुट्टे पैसे सोबत न्यावेत. काउंटरमागच्या माणसाला याहून मोठा आशीर्वाद कुठलंही दैवत देत नाही.