सामाईक वाहन

रत्नागिरीत ज्याच्या जमिनीवर निदान एक तरी दिवाणी दावा चालू नाही, अशा गृहस्थास समाजात फारशी प्रतिष्ठा नसते, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्याचे सर्व दावे निकाली निघाले, पेन्शन बिनतक्रार सुरू झाली आणि तरीही ज्याची तंट्याची भूक शमली नाही, असा मनुष्य पुढे काय करतो, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. माझ्या निरीक्षणाप्रमाणे तो सायकलीला इंजिन बसवतो.

या जातीच्या गृहस्थास आपण सोयीसाठी बापू म्हणू. बापू बहुधा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असतात. त्यांच्या वाहनाचा सांगाडा तीर्थरूपांच्या सायकलीचा, दांडीवरची टाकी औषध फवारण्याच्या पंपाची, मागचे दातेरी चक्र भंगारातल्या लुनाचे, आणि इंजिन आंब्याच्या बागेत गवत कापण्याच्या यंत्राचे असून, ते धाकट्या बंधूंच्या पडवीतून ‘जरा बघून देतो’ एवढ्याच बोलीवर उचललेले असते. ही सर्व मंडळी टायरच्या पट्ट्या आणि तारा यांच्या आधाराने एकत्र नांदत असली, तरी त्यांचे वर्तन सामाईक सातबाऱ्यावरील हिस्सेदारांसारखे असते. एकाने पुढे जाण्याचे मनात आणले की दुसऱ्याची हरकत तयार. ताशी २५ किलोमीटर वेगाला अठ्ठावीस इंची चाक मिनिटात सुमारे १८७ फेरे घेते आणि इंजिनाला पावणेसात हजार फेऱ्यांखाली अंगात जोर वाटत नाही; भागाकार करून पाहिल्यास या दोघांत अक्षरशः छत्तीसचा आकडा आहे, आणि तो मिटवण्यासाठी मध्ये घातलेली दातेरी चक्रे मध्यस्थांच्या रीतीप्रमाणे स्वतःच झिजतात.

गाडी बंद पडली की बापू चौकशी रीतसर चालवतात. प्रथम प्लगला हजर करण्यात येते. तो काळा व तेलकट निघाला तर पेट्रोलमध्ये ऑइल अधिक पडले, पांढुरका निघाला तर हवा अधिक, विटकरी निघाला तर तो निर्दोष. मग तो टोपीत बसवून, त्याचे बूड सिलिंडरच्या पत्र्यांना टेकवून, दोरी ओढून ठिणगी तपासली जाते, आणि निळी ठिणगी स्पष्ट दिसत असूनही ‘साक्षीदार पढवलेला आहे’ असा शेरा मारून त्याची फेरतपासणी मुक्रर होते. कार्बोरेटर उघडून त्याच्या जेटमधून फुंकर मारताना बापूंच्या मुखावर जी तन्मयता विलसते, ती संध्यावंदनाच्या वेळीही मी पाहिलेली नाही. हे काम अंगणात चालत असल्याने येणारा-जाणारा विचारतोच, “काय बापू, आज निकाल की पुढची तारीख?”

दोष मात्र ठरावीक होता. मांडवीहून निघालेली गाडी सपाटीवर उत्तम धावे आणि मारुती मंदिराच्या बाजूला चढ लागला की गुदमरून थांबे. बापूंनी खाऱ्या वाऱ्यावर, पेट्रोलमध्ये मिसळून ओल शोषणाऱ्या इथेनॉलवर आणि अखेर चढावर ठपका ठेवला. शेजारच्या सातवीतल्या मुलाने एकदा टाकीचे झाकण फिरवले, तेव्हा ‘फुस्स’ असा आवाज होऊन इंजिन पुढच्याच ओढीला सुरू झाले. झाकणातले हवेचे बारीक छिद्र बापूंनी पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून एम-सीलने बुजवल्यामुळे, थोडे पेट्रोल उतरताच टाकीत पोकळी निर्माण होऊन उरलेले आतच अडकत होते. इतका सुस्पष्ट पुरावा बापूंनी, साक्षीदार अल्पवयीन आहे या एकाच कारणास्तव, दप्तरी दाखल करून घेण्याचे नाकारले.

त्यांच्यापाशी नजिरांची वाण नसते. १९४६ साली जपानातील हामामात्सू येथे सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या बिनतारी संचांसाठी बनलेली शिल्लक इंजिने सायकलींवर चढवली, ही कथा ते चहाबरोबर ऐकवतात. “अहो, पण त्यांची चालायची ना?” एवढेच काकू विचारतात.

कायद्याचा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित करून स्वतःच निकालात काढलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८, यातील कलम २ च्या पोटकलम २८ अन्वये चारांपेक्षा कमी चाकांचे व २५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन हे मोटार वाहन ठरत नाही. बापूंचे इंजिन ४३ चे. तथापि बंद इंजिनाची क्षमता शून्य मानावी, असा त्यांचा युक्तिवाद असून, घामाघूम होऊन गाडी ढकलीत चढणाऱ्या वृद्धास पोलीस परवाना विचारीत नसल्याने तो आजवर कोणी खोडलेला नाही.

पाऊस सरला आणि कलमांखाली गवत कमरेइतके माजले, म्हणजे धाकटे बंधू दारात उभे राहतात. “दादा, माझा कटर दे. बेणणी खोळंबली आहे.” बराच वेळ कबजा आणि वहिवाट यांवर खल होऊन अखेर इंजिन सुटे होते, बंधू त्याला त्याची मूळची टाकी जोडतात, दोरी एकदाच ओढतात, आणि ते यंत्र साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात गर्जू लागते. बापू क्षणभर त्याकडे पाहतात आणि मग, हा आपल्याच दुरुस्तीचा परिणाम असल्याचे सांगून, नव्या प्लगचे अर्धे पैसे मागतात.