वहीत बाई कुठे आहे? मुकादमांना खुले पत्र

मुकादमसाहेब,

हिशोबात तुमचा हात कोणी धरणार नाही. दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि नवरा-बायको मिळून तुमच्या वहीत 'एक कोयता' होतात. एकटा गडी निघाला तर 'अर्धा कोयता'. म्हणजे बाईची किंमत तुम्हाला पक्की ठाऊक आहे. ती नसली की आगाऊ दिलेली उचल निम्म्यावर आणता. मग ती असते तेव्हा तिचा निम्मा वाटा तिच्या हातात का पडत नाही? उचल नवऱ्याला, सही नवऱ्याची, आणि हंगामाअखेर फिटली की अंगावर राहिली, तेही त्यालाच सांगता.

फडात ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढते. रात्री गाडी आली तर रात्री भरते. त्याआधी पहाटे कोपीपुढे भाकऱ्या थापून झालेल्या असतात. पाळीत एक दिवस बसली, की मात्र खाडा लगेच मांडता! शेजारच्या बीडमध्ये 2019 च्या सरकारी पाहणीत 82 हजारांवर ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. खाड्याची धास्ती काय करते, ते तुम्ही फडात उभे राहून बघता.

समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला. हीच बाई रोजगार हमीवर गेली तर हजेरी तिच्या नावाने लागते. 2025-26 चा 312 रुपयांचा दर तिला आणि गड्याला एकच होता. तुमच्या वहीला हे का जमत नाही?

आता हार्वेस्टर आलेत. ते चालवायला शिकायचं म्हटलं की पोरंच पुढे काढता. बाईला यंत्रातलं काय कळतं, हे मला सांगू नका. पाथर्डी-शेवगावच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. आज त्या शेतकऱ्यांना देशी बियाणं जपायला शिकवतात. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या टोळीतल्या बाईला कोणी शिकवलंच नाही, आणि तुम्ही तिला बिनकामाची ठरवून मोकळे.

यंदाच्या करारात दोन नावं लिहा, दोघांची उचल दोन खात्यांत टाका, खाडा आजारपणात लावू नका. कारखान्याचा शेतकी विभाग आडवा आला तर कोण आडवं आलं ते कळवा. पुढचं पत्र त्यांना लिहीन.