अंधाराचं तिकीट

जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्प देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला आणि अंधाराला भाव आला. शहरातली माणसं आता पैसे मोजून डोंगरावर तारे बघायला जातात. आमच्या वडवणीकडं, बालाघाटाच्या डोंगरात, हे फुकट आहे, किंबहुना सक्तीचं. शेतातल्या मोटारीला लाईट येते ती बऱ्याचदा रात्री. पिकाला पाणी द्यायला दारं धरता धरता म्हातारीची बाज आणि मागचे तीन चोर, म्हणजेच सप्तर्षी, उत्तरेला वर चढून येतात. (खाली साप, वर सप्तर्षी, बघावं कुठं?) दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोपीतला, म्हणजे झोपडीतला, मुक्काम पाच-सहा महिन्यांचा, तोही अशाच आभाळाखाली. या अंधाराचं प्रमाणपत्र मात्र कुणी देत नाही. तेव्हा पाहुणेहो, तारे बघायचं पुढचं शिबिर वडवणीला घ्या. येताना बॅटरी आणा, विंचू इथं जमिनीवरही असतो.