माथ्याचा भाव

जमीन दाखवणाऱ्या एजंटानं मला एकदाही खाली बघू दिलं नाही. वेल्ह्याकडच्या एका डोंगराच्या सोंडेवर आम्हा दोघांना उभं करून तो म्हणाला, "समोर तोरणा, त्याच्या डावीकडं राजगड. असा व्ह्यू पुण्यात कोटी मोजून मिळत नाही, साहेब." मी व्ह्यू बघितला. बायकोनं व्ह्यू बघितला. आपण इथवर धापा टाकत चढून आलो आहोत, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. गाडी खाली एका वडापाशी उभी होती, कारण रस्ता तिथं संपत होता. "पुढचा रस्ता मंजूर आहे," एजंट म्हणाला. तो अजूनही मंजूर आहे.

आजोबांच्या कृपेनं गावाकडच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे, म्हणून बँकेत बत्तीस वर्षं पंख्याखाली बसूनही मी कायद्यानं शेतकरी. व्यवहार झाला. मिस्त्रींनी यादी दिली. दहा बाय पंधराची एक खोली, पुढं पडवी, वर पत्रा. त्याला ४००० विटा, दीड ब्रास वाळू, सिमेंटची ६० पोती, शिवाय सळया, पत्रे आणि एक दार. मी यादीतले भाव तपासले, दोन ठिकाणी घासाघीस केली आणि माल मागवला. गाडीवाल्यानं तो वडाखाली ओतला, माझी सही घेतली आणि वर बघून हसून निघून गेला.

वस्तूंना वजन असतं, हे मला त्या ढिगापुढं उभं राहिल्यावर कळलं. बँकेत मी आकडे वाहिले, त्यांना वजन नसतं. एक वीट साधारण तीन किलो, म्हणजे विटाच १२ टन. ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेवढी वाळू साडेचार टनांच्या आसपास भरते. सिमेंटचं पोतं ५० किलोचं. सळया, पत्रे सोडून बेरीज २२ टनांच्या जवळ गेली. आमच्या सोसायटीची लिफ्ट सातवा माणूस चढला की कोकलते. आणि इथं वडापासून माथ्यापर्यंत साडेतीनशे फुटांची चढण, अर्ध्या किलोमीटरची पायवाट, त्यात चार वळणं.

पहिला उपाय मला सुचला तो श्रमदानाचा. बॅडमिंटनच्या ग्रुपवर "डोंगर, हवा आणि मिसळ" असा निरोप टाकला. नऊजण आले, तेही नवे बूट घालून. पहिली खेप झोकात गेली. दोन हातांत दोन विटा घेऊन मंडळी डंबेल्स मारत चढली. दुसऱ्या खेपेला प्रत्येकी एक वीट झाली. तिसऱ्या खेपेला एकाला मणक्यातली गादी सरकल्याचं आठवलं, दुसऱ्याला सुनेचं विमान. मिसळीला मात्र सगळे होते. संध्याकाळी मी माथ्यावर जाऊन मोजलं. ६३ विटा पोचल्या होत्या. त्या वेगानं विटांनाच ६४ रविवार लागले असते, आणि दर रविवारी नऊ मिसळी.

मग बिगारी लावले. सळयांच्या वेळी एक माणूस कमी पडला म्हणून मी खांदा दिला. सळई मूळची चाळीस फुटी. गाडीत मावावी म्हणून मधोमध वाकवून आणतात, तरी वीस फूट उरतेच. पायवाटेला चार वळणं होती आणि सळईला ते एकच. पालखीला असतात तसे आम्ही भोई, मी मागचा. पुढचा वळला की मागचा थेट करवंदीच्या जाळीत. पुढचा बिगारी भला माणूस होता. प्रत्येक वळणावर "साहेब, वळतोय हां" म्हणून हाळी द्यायचा, पण वळून झाल्यावर. माथ्यावर पोचलो तेव्हा माझ्या शर्टाला करवंदं लागली होती. पिकलेली असती तर दुःख नव्हतं.

"माथेरानला मोटारी नाहीत, तिथं सगळं घोड्यावरून चढतं की!" ओरखड्यांना हळद लावता लावता बायको म्हणाली. घोडे काही मिळाले नाहीत. मिस्त्रींच्या ओळखीनं गाढववाले मामा आले, सहा गाढवं घेऊन. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, तिथं दात बघून दुवान, चौवान, कोरा असा भाव ठरतो, ही माहिती मला मामांनी दिली. एकेका गाढवाचं तोंड उघडून दातही दाखवले. कर्ज देताना मी इतके कागद कधी बघितले नव्हते. एका गाढवावर एका खेपेला वीस विटा किंवा सिमेंटचं एक पोतं. खाली नऊ रुपयांना पडलेली वीट वर पोचली की पंधराची. "तळाचा भाव येगळा, माथ्याचा येगळा," मामा म्हणाले.

सहांपैकी पुढच्या गाढवाचं नाव साहेब होतं. हे मला पहिल्याच दिवशी, पहिल्याच वळणावर कळलं. मागून आरोळी आली, "ए साहेब, रस्त्यात काय हुबा ऱ्हातुयास!" मी दचकून बाजूला झालो. गाढव जागचं हललं नाही. संध्याकाळी चहा घेताना मी मामांना विचारलं, हे नाव कशावरून?

"जागचं हलत न्हाई, आन् मधीच कवातरी वरडतं," मामा म्हणाले. मग माझ्याकडं बघून घाईनं पुढं जोडलं, "तुमास्नी न्हाई हो."

साहेब मात्र कामाला चोख होता. तिसऱ्या वळणावर बरोबर थांबायचा, दोनदा श्वास सोडायचा आणि मग न हाकलता निघायचा. दुसऱ्या आठवड्यापासून मीही तिथंच थांबायला लागलो. आम्ही एकमेकांकडं बघत नसू.

या दिवसांत मला एक खोडच जडली. दिसेल ती वस्तू मी खेपेत मोजायला लागलो. बायकोनं नव्या घरासाठी लोखंडी खलबत्ता काढून ठेवला तर मी म्हणालो, "दोन विटा." एका लग्नात व्याही भेटले, गळाभेट झाली आणि माझ्या मनात आलं, दीड पोतं, एका खेपेत जायचे नाहीत.

बांधकामाच्या पहिल्या सकाळी मिस्त्रींनी ओळंबा काढला, थापी पुसली आणि विचारलं, "पाणी?"

पाणी यादीत नव्हतं. कारण पाण्याला भाव नव्हता आणि मी फक्त भावाचा रकाना वाचला होता. विटा भिजवायला पाणी, माल कालवायला पाणी, आणि बांधलेल्या भिंतीवर निदान सात दिवस मारायला पाणी. विहीर वडाच्या पलीकडं, म्हणजे आणखी खाली. लिटरला किलो हा पाण्याचा हिशेब डोंगर चढताना सूट देत नाही. वीस-वीस लिटरचे दोन कॅन एका गाढवावर लादले. एका कॅनचं झाकण सैल होतं. साहेबाच्या पोटावरून धार लागली. तो थांबला, मान वळवून त्यानं ती धार बघितली, आणि मग माझ्याकडं बघितलं.

त्याच दुपारी शेळ्या घेऊन एक आजी वर आल्या. विटांच्या रासेकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ह्या खालनं आणल्यास?"

"हो आजी. भिंतीला."

"का रं बाबा? डोंगराला दगुड कमी पडला व्हय?"

मी एका काळ्या दगडावर बसलो होतो. शेजारी तसाच दुसरा होता. त्याच्यापलीकडं, नीट बघितलं तर, दुसरं काहीच नव्हतं.

समोर तोरणा उभा होता, १४०३ मीटर. गड बांधणारी माणसं काय करत, हे शाळेच्या प्रत्येक सहलीत ऐकलं होतं. माथ्यावरच टाकं खोदायचं. निघालेला दगड तटाला लावायचा, खड्ड्यात पावसाचं पाणी साठवायचं. चुना मळायचा घाणाही वरच. एका खोदकामात दगड आणि पाणी दोन्ही. आणि मी रोज त्याच गडाकडं तोंड करून चहा प्यायचो आणि गाढवावरून पाणी मागवायचो. तोरण्यावर सापडलेल्या धनातून महाराजांनी राजगड उभारला असं सांगतात. मी माझ्या मुदत ठेवीतून मामांची जेजुरीची पुढची खरेदी उभारत होतो.

"मिस्त्री, तुम्ही का नाही बोललात दगडाचं?" मी विचारलं.

"तुमी इटा मागवल्या, म्या इटा लावल्या," मिस्त्री म्हणाले, आणि दोरी ताणली.

पत्र्यांच्या वेळी साहेबानं साफ नकार दिला. दहा फुटी पत्रा त्याच्या पाठीवर आडवा मावत नव्हता आणि उभा राहत नव्हता. बिगारी बायकांनी ते काम सहज केलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पत्रा, दोघी दोन टोकांना, मधे गप्पा. मला हौस आली. एका बाईंनी जुन्या पातळाचं धडपं पिळून मला चुंबळ करून दिली. मी आणि मिस्त्रींचा पोरगा निघालो. चौथ्या वळणानंतर सोंड उघडी पडते आणि एप्रिलचा वारा थेट अंगावर येतो. डोक्यावर पत्रा असला की माणसाला फक्त स्वतःचे बूट दिसतात. वारा खालून घुसला आणि मला माझे बूट थोडे वर गेल्यासारखे वाटले. "सोडा!" पोरगा ओरडला. सोडला. पत्रा काही क्षण तोरण्याच्या दिशेनं छान तरंगला आणि मग खालच्या नाचणीच्या वावरात जाऊन रुतला. वावराच्या मालकानं तो परत दिला, पण तळाच्या भावानं नाही.

पावसाच्या आत घर झालं. मामा गाढवं घेऊन दुसऱ्या कामावर गेले. जाताना मी साहेबाला गुळाचा खडा दिला. तो त्यानं खाल्ला. पुढं काही बोलणं झालं नाही.

राहिला तो फक्त बायकोच्या माहेरचा झोपाळा. वाईहून सागवानी फळी आली, पितळी कड्या आल्या. फळीचं वजन एक पोतं आणि दोन विटा. साहेब गेलेला, बिगारी लावणीत गुंतलेले. चिखलात जायला नको म्हणून फळी वडाखाली दोन दगडांवर टेकवून ठेवली. एवढ्या कामात वापरलेले माझे तेच पहिले दोन दगड.

आता दर शनिवारी आम्ही जातो. गाडी वडापाशी लावतो, चढण्याआधी जरा दम खावा म्हणून फळीवर बसतो. थर्मासमधला चहा होतो. शेळ्यांवाल्या आजी येतात, टेकतात. तिथूनही अर्धा तोरणा दिसतो. बायको विचारते, "चढायचं?" मी म्हणतो, "बसू की जरा." वर आमच्या घराचा पत्रा उन्हात चमकत असतो.

मागच्या शनिवारी चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "अहो, त्या कड्या गाडीतच आहेत ना?"

मी वर बघितलं. वडाची फांदी चांगली जाड होती.