चहा न घेणारे पाहुणे

नव्या गावात रुळायचं तर आधी कुणाच्या तरी घरी चहा घ्यावा लागतो. हे जितकं चिपळुणात खरं, तितकंच उत्तर इंग्लंडात. दार उघडणारा केटल लावतो, हवेला नावं ठेवतो, आणि दुसऱ्या कपापर्यंत ओळख पक्की होते. त्यामुळे आमच्या प्रेस्टनमध्ये येणाऱ्या, मोर्मन या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांची मला फार काळजी वाटते. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, वय जेमतेम एकोणीस, आणि चहा धर्मात बसत नाही. कॉफीही नाही. दारू-तंबाखूचं विचारूच नका.

पोरगा बहुधा अमेरिकेतल्या यूटाकडचा असतो. कोरड्या हवेत वाढलेला. इथे दिवसभर भुरभुरणारा पाऊस, गाड्या रस्त्याच्या भलत्याच बाजूनं धावणाऱ्या, आणि समोरचा इंग्रजीच बोलतोय याची खात्री पटायलाच काही दिवस जातात. हे गाव त्यानं मागितलेलं नसतं. पंथाच्या मुख्यालयातून पत्र येतं, त्यात देश लिहिलेला असतो. 2012 पासून मुलांना अठराव्या वर्षी जाता येतं; मुलींना 2025 पर्यंत एकोणिसावं लागायचं, आता त्यांनाही अठरावं चालतं. मुलगे दोन वर्षं, मुली दीड. पगार नाहीच, उलट खर्च घरचा. अमेरिकी मुलांसाठी 2020 साली ही रक्कम महिना 400 डॉलरवरून 500 झाली. नेमणूक स्वस्त देशात होवो की महाग, आकडा तोच.

सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा मालवायचा. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. पण खरी परीक्षा सोबत्याची. प्रचारक नेहमी जोडीनं असतात आणि जोडी वरचे लोक ठरवतात. एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही, असा नियम. म्हणजे भांडण झालं तरी दार आपटून एकट्यानं बाहेर पडायची सोय नाही. तणतणायलासुद्धा दोघांनी मिळूनच जायचं. ज्यानं हा नियम केला त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असावा. माझ्या ओळखीच्या काही संसारांना तो लागू करून पाहावा, असं फार वाटतं.

प्रेस्टनचा आणि मोर्मनांचा संबंध जुना. 1837 च्या जुलैत मोर्मन प्रचारक हिबर किंबॉल आणि त्यांचे साथीदार लिव्हरपूलला उतरले आणि दोन दिवसांनी प्रेस्टनला आले, तेव्हा इथे निवडणुकीची धामधूम चालू होती. ‘सत्याचा विजय होईल’ अशा अर्थाचा प्रचाराचा फलक समोर फडकला आणि मंडळींनी तो आपल्यालाच उद्देशून आहे असं धरून चालायचं ठरवलं. परक्या गावात पहिल्या दिवशी एवढा आशावाद लागतोच. त्यांच्यातल्या जोसेफ फील्डिंगचा सख्खा भाऊ इथे धर्मोपदेशक होता. त्यानं कौतुकानं आपलं चॅपल बोलायला दिलं. पण कळपातली मेंढरं पाहुण्यांमागे निघाली म्हटल्यावर बंधुप्रेम आटोपलं. महिना संपायच्या आत रिबल नदीत नऊ जणांनी बाप्तिस्मा घेतला. पहिला मान कुणाचा, यासाठी नदीकडे चक्क धावण्याची शर्यत लागली.

पुढे त्यांच्या सभा कॉकपिट नावाच्या जागेत भरू लागल्या. कोंबड्यांच्या झुंजींसाठी बांधलेली ही जागा तोवर दारूबंदीवाल्यांकडे आलेली होती. जोसेफ लिव्हसी यांनी 1832 साली याच गावात दारू सोडण्याची शपथ घेतली, इतरांनाही घ्यायला लावली, आणि दारू सुटलेल्या माणसांना धरून ठेवायला मोठमोठ्या चहापार्ट्या दिल्या. ज्या गावाला चहानं तारलं, त्या गावात आज ही पोरं पाण्याचा पेला मागतात! तरी त्यांचं नशीब बरं. मिट रॉमनी 1966 साली एकोणीस वर्षांचे असताना प्रचारक म्हणून गेले ते फ्रान्सला. वाइन सोडा, हे फ्रेंच माणसाच्या दारात उभं राहून सांगायचं! त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवणं त्यांना फारसं अवघड वाटलं नसावं.

आमच्या दारी पहिली जोडी आली तेव्हा मी सांगून टाकलं, “आमच्या देव्हाऱ्यात आधीच गर्दी आहे, जागा होणार नाही.” पोरं हसली. बायकोनं सवयीनं चहाचं आधण ठेवलं होतं, ते उतरवून अमृत कोकमची बाटली काढली. रंग पाहून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. यात मद्य नाही, हे मला देवाशपथ सांगावं लागलं. कुठल्या देवाची, ते त्यांनी विचारलं नाही. मग धर्म राहिला बाजूला. कुठल्या वारी कुठला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, ओले बूट कसे वाळवायचे, स्वस्त तांदूळ कुठे मिळतो, हीच चौकशी चालली. जगाला मार्ग दाखवायला निघालेल्या मुलाला आधी बाजाराचा मार्ग विचारावा लागतो, आणि तो त्यानं न लाजता विचारला, हे मला आवडलं. 2019 पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला करता येतो. आई काय विचारते म्हटलं, तर उत्तर आलं, “जेवलास का?”

जरा कुठे रुळतात तोवर बदली येते. महाराष्ट्रात सरकारी नोकराला एका जागी साधारण तीन वर्षं तरी मिळावीत असा कायदा आहे. या मुलांच्या बदल्यांचा विचार दर सहा आठवड्यांनी होतो. भाजीवाला नावानं हाक मारू लागला की बॅग भरायची. जाताना मागच्यांसाठी नोंदी ठेवतात. आमच्याबद्दल काय लिहिलंय ठाऊक नाही, पण नवी जोडी दारात येते ती लाल सरबताची अपेक्षा ठेवूनच.

तुमच्याही दारी कधी अशी जोडी आली आणि ऐकायचं नसेल, तर सरळ नाही म्हणा. नकाराची त्यांना सवय असते. फक्त आपल्या रिवाजाप्रमाणे ‘या पुन्हा कधीतरी’ म्हणू नका. ती येतात.