लाइन ठेवली कायले?

रांगेत उभं राहणं अमडापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मृगाच्या तोंडावर डीएपीची गाडी आली की कृषी केंद्रापुढं रांग, सोयाबीन निघालं की हमीभाव केंद्राबाहेर ट्रॅक्टरची रांग, नवरात्रात बल्लाळदेवीच्या टेकडीवर रांग. यातल्या एकाही रांगेत कुणी मौज म्हणून उभं राहत नाही. त्यामुळं तिकीट काढून मौज विकत घ्यायची, मग त्याच मौजेसाठी तासभर उन्हात उभं राहायचं आणि उभं राहायचं नसेल तर आणखी पैसे मोजायचे, हा व्यवहार आमच्याकडं सहजी पचत नाही.

शेजारचा नातू दिवाळीच्या सुटीत खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं म्हणत होता. ओट्यावर बसून तो आजोबांना एक्स्प्रेस पास समजावून सांगत होता, "आबा, थो पास काढला का लायनीत उभंच राहा लागत नाही."

आबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मंग लाइन ठेवली कायले?"

पोरगं हसलं. पण साऱ्या धंद्याची गोम आबांच्या त्या एका प्रश्नात होती. लाइन नसेल तर पास घेणार कोण? मंगळवारी सकाळी रिकाम्या पार्कात त्या पासची किंमत शून्य. रांग जितकी लांब, तितका पासला उठाव. म्हणजे पास खपतो तो उन्हात उभ्या असलेल्यांच्या जिवावर, आणि त्या बिचाऱ्यांना त्यातली दमडीही मिळत नाही.

हिशेब अगदी तोंडी होतो. समजा, एक पाळणा तासाला हजार माणसं फिरवतो आणि तुमच्या पुढं बाराशे उभी आहेत. सव्वा तासाच्या आत तुमचा नंबर लागतो. आता त्या हजारातल्या चारशे जागा पासवाल्यांना दिल्या, तर तेच बाराशे लोक सरायला दोन तास लागतात. पाळणा तोच, वेगही तोच. फक्त पाऊण तास एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. मग पास नसलेला वैतागतो आणि पुढच्या खेपेला स्वतःच पास काढतो. पण सगळ्यांनीच पास काढले तर पासवाल्यांचीही रांग लागणार, हे तिकीट खिडकीवर कुणी सांगत नाही.

अमेरिकेत डिस्नेनं १९९९ साली फास्टपास आणला, तेव्हा तो फुकट होता. यंत्रातून वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची, तोवर हिंडायचं-खायचं आणि वेळ झाली की हजर व्हायचं. २०२१ साली ती फुकट चिठ्ठी गेली आणि तिच्या जागी विकतची सोय आली. गर्दीतही गिऱ्हाईक असतं, हे एकदा कळल्यावर फुकट कोण वाटत बसेल?

साहेबाला नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष दर्शन आहे, त्र्यंबकेश्वरला २०० रुपयांचं. आमच्या शेगावची तऱ्हा निराळी. तिथं पैशाचा पास नाही. समाधीच्या दर्शनाची बारी लांब दिसली तर घाईवाल्यानं श्रीमुखदर्शनाच्या रांगेत लागायचं. दर्शन लांबून, पण लवकर. पंढरपुरातही पदस्पर्शाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. आषाढीला त्याही रांगा आवाक्याबाहेर गेल्या तर वारकरी नामदेव पायरीला माथा टेकतो, कळसाला हात जोडतो आणि माघारी वळतो. त्याची वारी उणी राहिली असं कुणी म्हणत नाही. घाईची किंमत इथं अंतरानं चुकवायची असते, आणि ती सावकाराला आणि सालदाराला सारखीच पडते.

ही सोय इमॅजिकातही आहे, फक्त तिची पाटी लावलेली नाही. तिथला नायट्रो नावाचा रोलर कोस्टर ताशी शंभर किलोमीटरच्या पुढं पळतो, आणि त्यात बसणाऱ्याच्या पायाखाली फरशीसुद्धा नसते. खाली सावलीत बाकावर बसून, आपलीच पोरं वरून किंचाळत जाताना बघणं, हे झालं नायट्रोचं कळसदर्शन. साठीच्या पुढच्या माणसाला एवढं पुण्य बास आहे.

तरीही पासला मी सरसकट नावं ठेवणार नाही. मुंबई-पुण्याचा माणूस सवडीनं मधल्या वारी जाऊ शकतो. अमडापूरच्या माणसाला सवड केव्हा? सोयाबीन घरात आल्यावर दिवाळीत, नाहीतर मे महिन्यात. नेमकी तेव्हाच साऱ्या महाराष्ट्राच्या शाळांना सुटी! रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अवघडून जायचं, दिवसभर पार्क बघायचा आणि रात्री परतीची गाडी धरायची. त्याला गर्दी चुकत नाही, म्हणजे पासची खरी गरज त्यालाच. आणि पास काढताना चार माणसांचा हिशेब करून ज्याचा हात खिशातच अडखळतो, तोही तोच.

तेव्हा विचाराल तर सांगतो. शाळा सुरू असताना मधल्या वारी जमत असेल तर पासवर एक रुपया घालवू नका. सुटीतच जाणं भाग असेल तर गेट उघडायच्या आधी पोहोचा आणि सगळ्यात मोठ्या पाळण्याकडं आधी पळा. पहिला तासभर रांगा आखूड असतात. पास घ्यायचाच झाला तर फक्त पोरांपुरता घ्या. आबांना बाकावर बसवा, आणि त्यांच्या पासचे जे पैसे वाचतील त्यातून त्यांना एक थंडगार लस्सी पाजा.